दोघी बहिणी जवळ येतात तेव्हा

आजीची तेलाची बाटली माझ्याकडे आहे. काचेची, रुंद तोंडाची, लिंबाच्या लोणच्याला शोभेल अशी. झाकण दोनदा तरी बदललेलं. आजी ती वर्षातून एकदाच तेलाने भरायची. घाण्यावरचं खोबरेल, अगदी गळ्यापर्यंत. तोंडावर धुतलेल्या फडक्याचा तुकडा, वर झाकण, त्यावर सुतळीचे वेढे. पिशवीत बाटली उभी राहावी म्हणून बाजूंना जुन्या लुगड्याच्या घड्या. मग ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी पहिली एसटी धरून ती म्हापशाला जायची. ईस्टर हा शब्द तिच्या तोंडी कधी नव्हता. ती म्हणायची, “मिराबायचो दिस.”

संध्याकाळी परत यायची तेव्हाही बाटली भरलेलीच असे. तेलाच्या जागी खाजा, जत्रेतला गुळाचा खाऊ.

भांडं रिकामं परत न्यायचं नसतं, हा आमच्याकडचा साधा रिवाज. शेजारणीने वाटी भरून काही दिलं तर तिची वाटी परत करताना आपण चिमूटभर साखर तरी घालतो. मिराबाय पडली देवी, ती काही स्वतः बाटलीत घालून देणार नव्हती. म्हणून आजी चर्चबाहेरच्या बाजारात खाजा घ्यायची आणि तिच्या वतीने आपणच बाटलीत भरायची. बाटली धुवायला तिथे पाणी कुठलं? फडक्याने आतून पुसलेली असे, एवढंच. त्यामुळे आमच्या घरी म्हापशाच्या खाजाला खोबरेलाचा वास असायचा. तो तसाच असतो, असं आम्ही भावंडं बरीच वर्षं समजत होतो.

मी सावंतवाडीची. वाडीत मिलाग्रीस हा शब्द पोराटोरांनाही माहीत. मिलाग्रीसचं चर्च, मिलाग्रीसची शाळा. तो आमच्यासाठी मोती तलाव किंवा चितारआळी यांच्यासारखा गावातला एक पत्ता होता. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ चमत्कार, आणि मिलाग्रीसची सायबीण म्हणजे चमत्कारांची माता मेरी, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आजी जिला तेल घेऊन जायची ती मिराबाय आणि वाडीतल्या पाटीवरची मिलाग्रीस ही एकच, हे त्याहूनही उशिरा. आजीला मात्र ते कधी वेगळं करून सांगावंसं वाटलं नाही.

म्हापसा हे गोव्यातल्या बार्देश तालुक्याचं बाजाराचं गाव. शुक्रवारचा बाजार तर तळकोकणातही प्रसिद्ध. तिथली मोठी इगर्ज, म्हणजे चर्च, कागदोपत्री संत जेरोमची. १५९४ सालची स्थापना, १८३८ मध्ये आगीत जळाली, दुसऱ्याच वर्षी पुन्हा बांधली गेली. पण गावात कुणाला संत जेरोमची इगर्ज कुठे म्हणून विचारलंत तर समोरचा क्षणभर थांबेल. मिलाग्रीस म्हणालात की बोट लगेच वर होतं. मुख्य वेदीवर तीच आहे आणि गाव तिचंच आहे.

तिची कथा गोव्यात गावोगावी थोडी बदलते. सात बहिणी आणि एक भाऊ. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, अशा त्या बहिणी आणि भाऊ खेतोबा. भावाला विस्तव आणायला पाठवलं, तो वाटेत खेळात रमला, लईराईने रागाने त्याला लाथ मारली. मग पश्चात्ताप झाला आणि तिने अग्निदिव्य केलं. म्हणून आजही वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावी तिचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, हातात वेताची काठी आणि गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा घेऊन निखाऱ्यांतून जातात. आणि सातांतली एक, मिराबाय, म्हापशाला गेली आणि ख्रिस्ती झाली. तीच ही मिलाग्रीस सायबीण. धर्म बदलला तरी नातं राहिलं. सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, शिरगावहून तेल आणि लईराईच्या जत्रेला म्हापशाहून मोगऱ्याची परडी, ही देवघेव तर सगळेच सांगतात.

या कथेबद्दल बोलताना लोक फार पटकन गोड होतात, म्हणून जरा थांबून सांगते. ज्या मुलखात ही कथा टिकली तिथे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं, ते कायमचं संपायला १८१२ साल उजाडलं. त्या न्यायालयाचं १७३६ सालचं एक फर्मान आहे. ख्रिस्ती घरांनी दारात तुळस ठेवू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, पुरुषांनी धोतर नेसू नये. आणि भात मिठाशिवाय शिजवू नये, कारण हिंदू तसा शिजवतात. चुलीवरच्या भातात मीठ आहे की नाही, एवढं ज्यांनी पाहिलं त्यांच्या राज्यात कुणीतरी आपल्या पोरांना सांगत राहिलं की त्या इगर्जीतली बाई आपल्या देवीची सख्खी बहीण आहे. हे सांगायला छाती लागली असणार. बहुतेक वेळा ते बायकांनीच सांगितलं असणार, असं मला वाटतं. माझ्यापर्यंत तरी ते एका बाईकडूनच आलं.

आजीचं माहेर पेडण्याचं. तिच्या लहानपणी पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात आणि वाडी हिंदुस्थानात, पण लग्नं इकडून तिकडे होत असत. १९५१ साली ती सून होऊन वाडीला आली आणि येताना आईचं तेलाचं व्रत बरोबर घेऊन आली. चार वर्षं ते नीट चाललं. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर सीमा बंद झाली. आजीचं माहेर वीस-पंचवीस किलोमीटरवर होतं आणि ते परदेशात गेलं. त्या काळात तिचे वडील वारले. ती बातमी तिला किती दिवसांनी कळली, हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. तेलाचं मात्र सांगायची. मिराबायच्या नावाचं तेल दर वर्षी बाटलीत भरायचं आणि महिनाभर तुळशीपुढच्या पणतीत जाळायचं. सहा वर्षं, सहा बाटल्या.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पुढच्या ७ मे ला, सोमवारी, मिलाग्रीसचं फेस्त होतं. आजी माझ्या वडिलांना बोटाला धरून गेली. माहेरी आधी गेली नाही. आधी म्हापसा, मग पेडणे. खाजाने भरलेली बाटली पहिल्यांदा तेव्हा घरी आली.

मी तिच्याबरोबर पहिल्यांदा गेले ती १९८४ च्या मे महिन्यात. तिसरीची परीक्षा होऊन गेली होती. इन्सुली, बांदा, पत्रादेवी, मग धारगळ, कोलवाळचा पूल. पुलावरून नदी दिसली की आजी पदर सारखा करायची. इगर्जीच्या आवारात मेणाचा, मोगऱ्याचा, माणसांच्या घामाचा आणि तेलाचा एकच दाट वास होता. रांगेत माझ्या पुढे काळा झगा घातलेली एक म्हातारी आणि मागे नऊवारीतली एक. दोघींच्या हातात बाटल्या. आजीने मला एका खांबाला टेकवलं. “हयसरच रव. खंय जाव नको.” मग ती पुढे गेली. एरवी घरात तिचा आवाज चार घरं ऐकू जायचा. तिथे ती सायबिणीसमोर जे बोलली ते मला ओठांवरून कळलं. “आये, त्याल हाडलंय.” आई, तेल आणलंय. याच्यापुढे काही मागणं नव्हतं. निदान मला दिसलं नाही.

आणि मग फेरी.

फेरी म्हणजे फेस्ताच्या निमित्ताने भरणारा बाजार. म्हापशाची फेरी पुरुमेंताची. पावसाळ्याच्या बेगमीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात, तोही पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. पावसाचे चार महिने आता येणार, होड्या बंद, वाटा बंद, म्हणून जे जे टिकतं ते ते इथे विकायला येतं. सुके बांगडे, सुंगटं, सुक्या मिरच्यांच्या राशी, आमसुलं, कांद्याच्या माळा, चिंचेचे गोळे, मातीची भांडी, सुपं, टोपल्या. पलीकडे लाकडी पाट, पलंग, कपाटं. आजी कांद्याची माळ हातात घेऊन तराजूशिवाय तिचं वजन सांगायची आणि बरोबर सांगायची.

त्या सगळ्या टिकाऊ बाजारात एकच गोष्ट न टिकणारी. खाजा. पांढऱ्या कापडावर रचलेले तपकिरी ढीग, बाजूला शेंगदाण्याचे लाडू, चणे, आणि साखरेत घोळवलेले कडयो-बोडयो. आजी ढिगापुढे उभी राहून एक कांडी मागून घ्यायची आणि कानाजवळ नेऊन तोडायची. आवाज पसंत पडला तरच पुढे बोलणं. “आल्याचो दी. गुळाचो. साखरेचो नको.”

घाटावरच्या वाचकांसाठी हे सांगायला हवं, कारण खाजा म्हटलं की तिकडे पापुद्र्यांचं पक्वान्न डोळ्यांपुढे येतं. बिहारमधल्या सिलावचा खाजा तसा आहे, जगन्नाथपुरीच्या प्रसादातला खाजाही पदरांचाच. आमचा खाजा वेगळा. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, आलं घातलेल्या गुळाच्या कोरड्या सालीत. शब्द एकच, ‘खाद्य’वरून घरंगळत आलेला. मालवण, कुडाळ, वाडी, कुठल्याही जत्रेत तो असतो. आंगणेवाडीला भराडीच्या जत्रेतून किंवा कुणकेश्वराच्या शिवरात्रीहून माणूस खाजाशिवाय घरी आला तर तो जत्रेला गेला होता यावर कुणी विश्वास ठेवत नाही. रात्री दशावतार उभा राहतो तेव्हा अर्ध्या प्रेक्षकांच्या मांडीवर खाजाची पुडी असते. गोव्यात तो खाजें होतो, वर तीळ येतात. वाडीच्या बाजारातल्या खाजात मी तीळ फारसे पाहिले नाहीत. बाकी फरक नाही.

गोव्यातल्या ख्रिस्ती गोडधोडाचं नाव निघालं की बिबिंकच पुढे येतो. अंड्यांचा बलक, नारळाचं दूध, तूप, थरावर थर, प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजायचा. तो मला आवडतो. पण तो जेवणाच्या मेजावरचा, सुरी घेऊन कापायचा, पाहुण्याला काचेच्या बशीतून द्यायचा. इगर्जीच्या पायऱ्यांशी विकलं जातं ते खाजें. त्यात अंडं नाही, लोणी नाही, भट्टी नाही. म्हणून ते उपासतापास पाळणाऱ्या धोंडाच्या गावातही चालतं आणि फेस्ताच्या फेरीतही. फेस्ताहून परतताना शेजाऱ्यांसाठी, विहिणीसाठी, न आलेल्या मावशीसाठी पुडी न्यायची असते. २०२१ साली गोव्याच्या खाजाला भौगोलिक मानांकन मिळालं, बिबिंकला २०२३ मध्ये. त्या क्रमाने मला मनापासून बरं वाटलं.

आजी २००४ साली गेली. पुढची काही वर्षं तेल गेलं नाही. आई गुडघ्यांनी घरी बसली, मी ठाण्यात, मुलं लहान. २०२३ मध्ये मी बाटली मागून घेतली आणि ठरवून आठवडाभर आधी गोव्यात उतरले. खाजा होताना पाहायचा होता. म्हापशाजवळच्या एका गावात खाजेकारांचं घर आहे, चौथ्या पिढीचं. ओळखीतून ओळख निघाली. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना ते आवडणार नाही.

घराच्या मागे पत्र्याची पडवी, तिच्यात दोन चुली. बेसनात मीठ, कडकडीत तेलाचं मोहन, पाणी अगदी बेताचं. घट्ट मळलेलं पीठ सोऱ्यातून थेट तेलात. आच मंद ठेवायची, नाहीतर कांडी बाहेरून लाल आणि आतून कच्ची. तळलेल्या कांड्या पसरून पूर्ण गार होऊ द्यायच्या, हे महत्त्वाचं. गरम कांडी पाकात पडली तर पाक पिते आणि मऊ पडते. दुसऱ्या चुलीवर गूळ. त्याचा फेस वर आला, खाली बसला, की किसलेलं आलं. काकांनी पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकला, बोटांनी गोळा केला, वाटीच्या कडेवर आपटला. टक् असा आवाज आला. मग कढई उतरवून त्यात कांड्या आणि तीळ, आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी ढवळायला सुरुवात केली.

तो जो वेळ असतो ना ढवळण्याचा, त्याच्यासाठी मी पुन्हा जाईन. आधी सगळं काळं, चकचकीत, एकमेकांना चिकटलेलं. उलथणं ओढताना दम लागतो, आवाज ओल्या मातीसारखा. हळूहळू चमक जाते. गूळ मंद तपकिरी पडतो, त्यावर पांढुरकी झाक येते, कांड्या एकमेकींना सोडू लागतात आणि आवाज बदलतो. शेवटी वाळूच्या पात्रात गोटे घोळवल्यासारखा कोरडा खळखळाट. तेव्हा थांबायचं. डोळे मिटून केला तरी खाजा कधी झाला ते कळेल. आजी कांडी कानाशी का नेत होती, ते मला त्या पडवीत समजलं.

आलं कशासाठी, असं मी विचारलं. बेसनाचं जडपण जिरावं म्हणून, काकू म्हणाल्या, आणि रात्रभर जागणाऱ्या माणसाच्या घशाला बरं म्हणून. मग काका म्हणाले, “पावस पडलो काय खाजें सोंपलें.” पावसाळी हवेतली ओल गूळ ओढून घेतो. साल पाझरते, कांडी लोळते. म्हणून कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की यांचं काम सुरू होतं आणि मिरगाला कढया पालथ्या पडतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं सांव फ्रांसीस शाव्हियेराचं फेस्त, ८ ला पणजीचं, पौषात म्हापशाचाच बोडगेश्वर आणि फातर्प्याची देवी, ६ जानेवारीला तीन राजांची फेस्तं. भिंतीवर दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या, एक तिथीवारांची, एक पाद्रींकडून मिळालेली. दोन्हींवर एकाच पेन्सिलीच्या खुणा.

त्या दिवशी पडवीत घाई जरा जास्तच होती. मला वाटलं फेस्त जवळ आलं म्हणून. काका हसून म्हणाले, “औंदा दोगीय भयणी लागींच आयल्यात.” यंदा दोघी बहिणी जवळ आल्यात. मिलाग्रीसचं फेस्त २४ एप्रिलला आणि लईराईची जत्राही त्याला लागूनच. दोन ठिकाणी दुकान मांडायचं, माणसं वाटायची, माल दुप्पट करायचा. मुलगा शिरगावला, स्वतः काका म्हापशाला.

त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. परतीच्या गाडीत थिवीपासून मी फोनवर तारखा काढत बसले. ईस्टरची रीत अशी: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार ईस्टर. म्हणजे पौर्णिमेनंतर एक ते सात दिवसांत. त्यात पंधरा मिळवले की मिलाग्रीसचा सोमवार. तो पडतो पौर्णिमेनंतर सोळा ते बावीस दिवसांनी, अमावास्या ओलांडून, शुद्ध पक्षाच्या पहिल्या आठवड्यात. ती पौर्णिमा हनुमान जयंतीची असेल तर पुढची अमावास्या चैत्राची आणि सोमवार थेट वैशाख शुद्धात. लईराई वैशाख शुद्ध पंचमीची. रोम आणि शिरगाव एकच चंद्र मोजतात, फक्त वेगवेगळ्या टोकांकडून.

होळीची पौर्णिमा २१ मार्चच्या पुढे सरकली तर मात्र चर्च तीच धरतं. मग फेस्त महिनाभर अलीकडे, चैत्रात येतं आणि बहिणी लांब राहतात. मी मागे मागे जात राहिले. १९८४: फेस्त ७ मे, जत्रा त्याच सुमारास. जवळ. म्हणजे मी पहिल्यांदा गेले त्या वर्षी दोघी जवळ होत्या. १९६२: फेस्त ७ मे, वैशाख शुद्ध पंचमी लगेच एक-दोन दिवसांत. जवळ. सहा वर्षांनी सीमा उघडली आणि आजी बाटली घेऊन निघाली, त्या आठवड्यात शिरगावच्या वाटेवरही माणसांची रीघ असणार. तिने ते कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगण्यासारखं वाटलं नसेल. तिच्या माहेरी हे सगळ्यांनाच माहीत असणार, जसं काकांना माहीत होतं, बेसनाच्या पोत्यांवरून.

२०२४ ला मी पुन्हा गेले. होळी मार्चच्या अखेरीस आली होती, ३१ मार्चला ईस्टर, १५ एप्रिलला फेस्त. लईराई मे च्या दुसऱ्या आठवड्यात. लांब. पडवीत निवांतपणा होता, मला चहा मिळाला, बसायला पाट मिळाला. लांबचं वर्ष खाजेकाराला बरं, म्हणाले, एकच माणूस दोन्हीकडे पुरतो. निघताना काकूंनी बाटलीत खाजें भरलं. मी बाटली धुतली नव्हती. त्यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता भरलं. काका म्हणाले, पुढच्या वर्षी परत दोघी जवळ.

२०२५ ला तसंच होतं. २ मे ला लईराईची जत्रा, ५ ला मिलाग्रीस. मी रविवारच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलं होतं. ३ मे च्या पहाटे शिरगावला जत्रेत चेंगराचेंगरी झाली. माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. सकाळी टीव्हीवर ते दिसलं आणि माझ्या डोक्यात एकच होतं, की काकांचा मुलगा शिरगावला आहे. दोन तास फोन लागला नाही. मग काकूंनी उचलला. मुलगा बरा होता. दुकान तिथेच टाकून लोकांना उचलायला धावला होता, घरी येऊन पडवीत बसला होता, बोलत नव्हता. मागे कुणीतरी रडत होतं. मी तिकीट रद्द केलं. त्या घराला पाहुणा नको होता.

सोमवारी मी ठाण्यातल्या खिडकीत, कुंडीतल्या तुळशीपुढे पणती लावली. बाटलीतलं तेल तिच्यात घातलं. आजीने सहा वर्षं केलं होतं, मला एक दिवस करायला काय हरकत होती?

पंधरा-वीस दिवसांनी म्हापशाहून येणाऱ्या एका भाच्याबरोबर पुडकं आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दोऱ्याने चौकोनी बांधलेलं. चिठ्ठी नव्हती. खाजें होतं, तीळ घातलेलं, आल्याचं. मी काकूंना फोन केला तेव्हा म्हणाल्या, “बाये, बाटलेंत घाल.” बाटलीत घाल. मी घातलं, झाकण लावलं, सुतळीसुद्धा बांधली.

त्या वर्षी पाऊस मिरगासाठी थांबला नाही. २६ मे ला मुंबईत दाखल झाला, मिरगाला अजून बरेच दिवस होते. संध्याकाळी मी बाटली उघडली. सुतळी सोडताना उशीर झाला होता की काय कोण जाणे, सालीला पाणी सुटू लागलं होतं. वरच्या कांड्या बोटांना चिकटल्या, खालच्या अजून वाजत होत्या. मुलीला बोलावलं. ती बाहेर भिजून आली होती, केसांतून पाणी गळत होतं. तिने एक कांडी तोडली आणि कानाशी नेली, मला तसं करताना तिने पाहिलंय.

“याला खोबरेलाचा वास का येतोय?” तिने विचारलं.

मी खिडकी लावून घेतली आणि तिच्याजवळ बसले.